पुनीतच्या लग्नाची डीव्हीडी

खांबेट्यांच्या घरात एके काळी कडक नियम होता. डीव्हीडी लिहिली जात असताना मिक्सर लावायचा नाही. मिक्सर लागला की व्होल्टेज पडे, व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर अडखळे, आणि तो अडखळला की कोरी करकरीत डीव्हीडी फक्त चहाचा कप ठेवण्याच्या लायकीची उरे. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दिलीपने "लावतोय गं!" अशी हाळी दिली की मृदुला चटणीचा बेत मोडून काकडीची कोशिंबीर करायला घेई. त्या वर्षांत या घरात कोशिंबिरी फार झाल्या.

आता तो कॉम्प्युटर म्हैसूरमधल्या बोगादीच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात जुन्या चादरीखाली पडून होता. दिलीप निवृत्त झाल्यापासून मृदुलाने घराची साफसफाई हाती घेतली होती आणि हा कोनाडा तिच्या डोळ्यांत सलत होता.

"रविवारी भंगारवाला येतोय," तिने जाहीर केलं. "तो वजनकाटा आणेल. तू भावना आणू नकोस."

दिलीप गप्प बसला. तेवीस वर्षं एकत्र म्हैसूरमध्ये काढल्यावर कुठे गप्प बसावं एवढं त्याला कळत होतं. पण आतून त्याला वाईट वाटत होतं, आणि असं वाईट वाटतं म्हणून स्वतःचंच हसू येत होतं. लोखंडाचा डबा तो! त्याच्यासाठी कसला जीव तुटायचा?

पण तुटत होता खरा. नाशिकहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा त्यांनी चामराजपुरमला मालोजीरावांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. गावात ओळखीचं कुणी नाही, कानडीचं एक अक्षर येत नाही. मग दिलीपने तो कॉम्प्युटर घेतला. डीव्हीडी लिहिणारा कॉम्प्युटर त्या गल्लीत दुसरा नव्हता. बघता बघता वरच्या मजल्यावर माणसांची रीघ लागली. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाची अमेरिकेची सहल, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम. सगळे कॅमेरे घेऊन यायचे, आणि काम होईपर्यंत बसायचे. घाईने लिहिलेली डीव्हीडी बिघडते असा दिलीपचा ठाम सिद्धांत असल्याने तो सगळ्यात कमी वेगावर लिहायचा. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायची आणि तोवर लोक गप्पा मारायचे. दिलीप कानडी शिकला तो त्या निळ्या पट्टीच्या कृपेने. मृदुलाला बिसिबेळेभात शिकवणाऱ्या बायकाही त्याच रांगेतल्या. शेवटी ट्रे बाहेर यायचा, डीव्हीडी हाताला कोमट लागायची, आणि दिलीप तिच्यावर मार्करने नाव घालून अशी देवाच्या प्रसादासारखी समोरच्याच्या हातावर ठेवायचा. एवढी किंमत त्याला कंपनीत कधी मिळाली नाही.

रविवारी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. मृदुलाला वाटलं भंगारवाला. पण उतरल्या त्या अंबुबाई, मालोजीरावांच्या पत्नी, आणि त्यांचा हात धरून त्यांची नात भव्या.

"काकू! कळवलं असतंत तर मी आलो असतो," दिलीप धावत पुढे झाला. "लग्नघर सोडून तुम्ही कुठे आलात?"

भव्याचं लग्न पुढच्या रविवारी होतं. पत्रिका टेबलावरच होती.

"कॉफी नको, पाणी नको," अंबुबाई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "आधी हे बघ." त्यांनी पिशवीतून रेशमी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली डीव्हीडी काढली. वर दिलीपच्याच अक्षरात लिहिलं होतं: पुनीतचं लग्न. "दुकानातला पोरगा सांगतोय, ही कोरी हाय म्हणून. काही लिहिलेलंच नाही म्हणून. तू लिहिलं होतंस न्हवं रे, दिलीप?"

"दोन शॉपमधे दाखवलं, अंकल," भव्या म्हणाली. "दोघंपण सांगितले, ब्लँक आहे. अज्जी जेवतच नाही काल धरून."

दिलीपने डीव्हीडी उजेडात तिरकी धरली. खालच्या जांभळट अंगावर आतल्या बाजूला गडद कडं स्पष्ट दिसत होतं, आणि त्या कड्याच्या काठाशी एक लांब ओरखडाही होता.

"कोरी नाही, काकू. लिहिलेली आहे," तो म्हणाला. "फक्त बंद केलेली नाही. काकांनी करू दिली नव्हती."

अंबुबाईंना आठवलं. त्या हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले.

मालोजीरावांचं घराणं शिपाईगड्यांचं. कधीकाळी पूर्वज घोड्यावरून म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घोडी गेली, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली, तीही निम्मी कानडी होऊन. मालोजीराव स्वतः अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पण घरात लग्न निघालं की हा माणूस वेगळाच दिसायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसलं की घरातल्या वडीलधाऱ्याने आवतण द्यायचं, अशी त्यांची रीत होती. आवतण म्हणजे आमंत्रण. पूर्वज ज्या वाटेने दक्षिणेत आले त्या वाटेवरच्या एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, आणि शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना. क्रम चुकायचा नाही, नाव गाळायचं नाही. ज्याचं आवतण चुकलं तो रुसून मांडवाबाहेर उभा राहतो, असा समज. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बापाकडून मुलाने ऐकायचं आणि पाठ करायचं.

धाकट्या मुलाच्या, पुनीतच्या लग्नात स्टुडिओवाल्याने स्वागतसमारंभाचे चार तास टिपले, पण आदल्या दिवशीच्या आवतणाला तो आलाच नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटलं नसावं. दिलीपने मात्र हौसेने आपला कॅमेरा लावला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची डीव्हीडी लिहायला घेतली. मालोजीराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"झालं, काका. आता बंद करतो," दिलीप म्हणाला होता.

"बंद म्हंजे?"

"म्हणजे यावर पुन्हा काही लिहिता येणार नाही. पण मग ती कुठेही लागेल."

"बेडा, बेडा! नको!" मालोजीरावांनी दोन्ही हात वर केले. "लग्नाचं कार्य कोणी बंद करतंय काय? तांदळाचा डबा आम्ही पुरा रिकामा करत नाही, मूठभर ठेवतो. आणि तू लग्न बंद करतोस? जागा हाय न्हवं अजून? ठेव उघडी. पुढच्या लग्नाला पायजे."

"अहो, पण उघडी ठेवली तर दुसऱ्या मशीनवर लागेलच असं नाही."

"तुझ्या मशीनवर लागतंय न्हवं? आय्तु, झालं तर. तू कुठं जातोस?"

निरोप घेतानाही "जातो" न म्हणता "येतो" म्हणणाऱ्या माणसापुढे तंत्रज्ञानाचं काय चालणार? डीव्हीडी उघडी राहिली. कॅमेऱ्याची टेप दुसऱ्या कुणाच्या मुंजीसाठी वापरली गेली, कॉम्प्युटरवरचं मूळ जागा करायला पुसलं गेलं. त्या काळी सगळे असंच करत. डीव्हीडीवर घातलं म्हणजे जन्माचं सांभाळलं, अशी खात्री होती. पुढे खांबेटे बोगादीला स्वतःच्या घरात आले, डीव्हीडी अंबुबाईंच्या देव्हाऱ्यात गेली, आणि चार वर्षांपूर्वी मालोजीराव गेले. त्यांच्यामागे घरातलं हे पहिलंच लग्न.

"राघवेंद्राला येत नाही काय?" मृदुलाने विचारलं. राघवेंद्र म्हणजे अंबुबाईंचा थोरला मुलगा, भव्याचे वडील.

"त्याला तुळजापूर येतंय. पुढं गाडी जात नाही," अंबुबाई म्हणाल्या. "पुनीत तर दुबईत बसून सांगतोय, अम्मा, शॉर्टमधे कर म्हणून. देवाला शॉर्टमधे बोलवायचं? सांग तूच. अर्धं आवतण देऊन मी पोरीला सासरी पाठवणार नाही बघ. यजमानांचा आवाज लावायचा, तो ऐकून राघवेंद्र म्हणेल. दुसरं मला काही सुचत नाही."

"नेटवर पण नाही ओ," भव्या हळूच म्हणाली. "मी खूप सर्च केलं."

ती डीव्हीडी वाचू शकेल असं यंत्र जगात बहुधा एकच होतं, आणि ते तासाभरात भंगारात जाणार होतं. त्याने मृदुलाकडे पाहिलं. मृदुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती फोन उचलून बाहेर गेली आणि कानडीत कुणाला तरी आज येऊ नका म्हणून सांगून आली.

चादर ओढली तशी धूळ उडाली. आत पालीची दोन अंडी निघाली. जुना मॉनिटर दोघांनी मिळून टेबलावर चढवला, भव्याने ओल्या फडक्याने पडदा पुसला. दिलीपने बटण दाबलं. आतला पंखा म्हाताऱ्यासारखा खोकला आणि बंद पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र तो फिरत राहिला, एक बारीक शिटी वाजली आणि पडदा उजळला. आतला सेल केव्हाच संपलेला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी ते २००२ साल होतं. दिलीपला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

पण घोडं अडलं ते ट्रेपाशी. बटण दाबलं की आत गुरगुर व्हायची, ट्रे काही बाहेर येईना.

"पिन आहे का कुणाकडे?"

अंबुबाईंनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. दिलीपने ती सरळ केली, ट्रेखालच्या बारीक भोकात घातली आणि हलकेच रेटली. ट्रे बोटभर पुढे सरकला. बाकीचा त्याने नखाने ओढून काढला, डीव्हीडी ठेवली, आत ढकलली आणि समोरच्या दिव्याकडे बघत बसला. मृदुलाने कुणी न सांगता स्वयंपाकघरात जाऊन मिक्सरची पिन काढून ठेवली. वाचताना त्याची गरज नसते हे दिलीपने तिला सांगितलं नाही.

दिवा लुकलुकला. आतली तबकडी गिरकी घेऊ लागली. आणि पडद्यावर फाइल दिसली, पुनीतच्या लग्नाची.

"आली!" भव्या ओरडली. दिलीपचा जीव भांड्यात पडला. अनेक वर्षांत त्याला इतकं थोर वाटलं नव्हतं.

"आधी कॉपी करून घेतो," तो म्हणाला.

"मागाहून कर. आधी लाव," अंबुबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या सुरापुढे कॉपीबिपी काही चालणार नव्हतं. भव्याने आपला फोन पडद्यासमोर धरला.

मालोजीराव दिसले. पांढरं धोतर, डोक्याला जरीकाठी म्हैसुरी पेटा, पुढे समई. ते असे समोर बसलेले पाहून दिलीपला वाटलं, आत्ता वळतील आणि विचारतील, काय रे, जेवण झालं काय? अंबुबाईंनी तोंडावर पदर धरला.

"तुळजापूरच्या आई भवानी, मांडवाला ये," मालोजीरावांचा खणखणीत आवाज आला. "जेजुरीच्या मल्हारी, मांडवाला ये."

मग ते क्षणभर थांबले. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला वळली. आणि अगदी जवळून एक दबका आवाज आला: "शिंगणापूर."

"शिंगणापूरच्या महादेवा, मांडवाला ये," मालोजीराव पुढे म्हणाले.

पुन्हा थांबले. पुन्हा नजर बाजूला. पुन्हा तो दबका आवाज.

दिलीपला आठवलं, तो कॅमेरा धरून उभा होता तेव्हा अंबुबाई त्याच्या कोपराला लागून उभ्या होत्या. ही डीव्हीडी त्याने आधी किती वेळा लावली असेल, पण त्याचं लक्ष कायम मालोजीरावांकडे. तो दुसरा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता.

"अज्जी, हे तुझं व्हॉइस आहे!" भव्या म्हणाली.

"सुम्ने इरु, गप गं," अंबुबाई पुटपुटल्या. "मी काय, नुसती आठवण द्यायची. सांगणारे ते. ते थांबले की माझ्या तोंडात येत होतं, एवढंच. एकटीला बसून म्हणायला गेलं तर एक नाव येत नाही बघ. किती दिवस बसले देवासमोर."

आवतण तुंगभद्रेला पोचलं. नदी उतरली की ते कानडी व्हायचं, कारण पलीकडच्या देवांना मराठी कळत नाही, असं मालोजीराव अगदी गंभीरपणे सांगत असत. मांडवाचा चप्पर झाला. "हंपी विरूपाक्षा, चप्परक्के बा. श्रीरंगपट्टणद रंगनाथा, चप्परक्के बा."

मालोजीराव थांबले, नजर बाजूला वळली, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. कॉम्प्युटरच्या आतून करकर आवाज येऊ लागला. पडद्यावर मालोजीराव तोंड अर्धवट उघडं ठेवून तसेच राहिले.

दिलीपने डीव्हीडी काढली, मऊ कपड्याने मधून कडेकडे पुसली, पुन्हा लावली. त्याच ठिकाणी करकर. वेग कमी करून पाहिला, पुढे सरकवून पाहिलं. तो ओरखडा नेमका तिथेच होता. तिसऱ्या खेपेला त्याने हात टेकले. इतकी वर्षं इतक्या लोकांच्या आठवणी कमी वेगावर, जपून जपून लिहिल्या, आणि जिच्यावर एक लग्न अडलं होतं ती एकच अशी दगा देऊन बसली. आता काकूंना काय सांगायचं?

"काकू..." त्याने तोंड उघडलं.

अंबुबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावरचे मालोजीराव त्यांच्याकडे बघत होते, थांबले की नेहमी बघायचे तसेच.

"बेट्टद तायि," अंबुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

त्या वाट पाहत राहिल्या. पडद्यावरून काही आलं नाही. मग त्यांनीच म्हटलं, "बेट्टद तायि चामुंडी, चप्परक्के बा."

भव्याने फोन पडद्यावरून हळूच अज्जीकडे वळवला.

"नंजनगूडिन नंजुंडप्पा, चप्परक्के बा." या वेळी त्या थांबल्या नाहीत. "मलेय मादप्पा, चप्परक्के बा." आवाज चढत गेला. दबका होता तो मोकळा झाला, म्हातारपणाने जरा कापरा, पण एकही नाव अडखळलं नाही. गावदेव झाले, शेताच्या बांधावरची मारम्मा झाली, आणि आवतण पुन्हा मराठीत आलं, घरातल्या माणसांवर. सुभानजीराव, मांडवाला या. ठकूबाई, मांडवाला या. घोड्यावरून आलेल्यांपासून सुरू होऊन एकेक पिढी उतरत त्या सासऱ्यांपर्यंत आल्या, सासूबाईंपर्यंत आल्या. "हणमंतराव, मांडवाला या. सोनाबाई, मांडवाला या."

आणि थांबल्या.

दिलीपला वाटलं, संपलं. त्याला आठवत होतं, आवतण सोनाबाईंपाशी संपायचं. मग त्याच्या लक्षात आलं. पुनीतच्या लग्नात ते तिथे संपलं होतं. आता पुढे एक नाव होतं. डीव्हीडी शेवटपर्यंत खडखडीत चालली असती तरी ते नाव तिच्यावर मिळालं नसतं.

अंबुबाईंनी उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. "आमचे हे" म्हणत, नाहीतर "यजमान", नाहीतर "पुनीतचे अप्पा". रेशनकार्डाच्या रांगेत विचारलं तरी शेजारणीला पुढे करत. त्यांनी भव्याकडे पाहिलं. "तू म्हण गं."

"नाही, अज्जी," भव्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "हे तूच म्हणायचं."

मृदुला अंबुबाईंच्या पाठीशी येऊन उभी राहिली. दिलीपला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. अंबुबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, देवासमोर बसतात तशा ताठ बसल्या, आणि पडद्यावरच्या त्या अडकलेल्या चेहऱ्याकडे सरळ बघत म्हणाल्या:

"मालोजीराव, नातीचं लग्न हाय. मांडवाला या." जरा थांबून त्यांनी डोळे पुसले. "आणि लवकर या. माझ्या बाजूला उभे ऱ्हावा. या वेळेला सांगणारी मी हाय, अडले तर आठवण द्यायला कोणी पायजे न्हवं?"